वेल्सचा प्लाइड कम्री: १०० वर्षांचा पक्ष, भाषा आणि स्वराज्य (नोव्हेंबर २०२५)

कार्डिफकर

मंडळी, २३ ऑक्टोबरला इथे वेल्समध्ये केर्फिलीला पोटनिवडणूक झाली, वेल्सच्या स्वतःच्या विधिमंडळाची, ज्याला सेनेद म्हणतात. प्लाइड कम्री जिंकला. १५,९६१ मतं, ४७ टक्के. नायजेल फराजच्या रिफॉर्म या उजव्या पक्षाला ३६ आणि लेबरला फक्त ११. ज्यांना इथलं राजकारण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, केर्फिली म्हणजे कोळशाच्या खाणींचा पट्टा, इथे लेबरचं तिकीट मिळालं की निवडून आल्यातच जमा असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं आणि तिथे लेबर आता तिसरी आली.

मी कार्डिफला राहतो, मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे आणि भारतीय पासपोर्ट असूनही मला इथे मत देता येतं (कॉमनवेल्थच्या नागरिकांना येतंच, सेनेदसाठी तर इथे कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला येतं, वय १६ पासून). त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पेपरातला नाही, मे २०२६ ला सेनेदची पूर्ण निवडणूक आहे, ९६ जागांची, आणि मला ठरवायचंय. म्हणून थोडा इतिहास लिहितो, बाकीच्यांनी भर घाला.

पक्ष स्थापन झाला ५ ऑगस्ट १९२५ ला, पुल्हेली नावाच्या गावात. वेल्श लोकांचा जो मोठा साहित्य-संगीत मेळावा असतो, आयस्तेद्वोद, तो त्या वर्षी तिथे भरला होता आणि त्याच आठवड्यात सहा माणसं एका खोलीत बसली आणि पक्ष काढला. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात स्वराज्यापेक्षा भाषाच जास्त होती. १९२९ ला पहिली लोकसभेसारखी निवडणूक लढवली, लुइस व्हॅलेंटाइन उभे होते, मतं मिळाली ६०९. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं एकही खासदार नाही. तरी लोक टिकून राहिले हे मला फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे दोन निवडणुका हरलं की पक्ष विलीन होतो.

मग १९३६. ब्रिटिश हवाई दलाला बॉम्ब टाकायचं ट्रेनिंग द्यायला जागा हवी होती. इंग्लंडमधल्या जागांना तिथल्या लोकांनी विरोध केला, पक्षी आहेत निसर्ग आहे म्हणून, त्या सोडून दिल्या. वेल्समध्ये लीन नावाच्या द्वीपकल्पावर, जिथे सगळे वेल्शच बोलतात, तिथे पेनिबर्थ नावाचं जुनं शेतघर पाडून केंद्र बांधायला घेतलं आणि इथला विरोध मात्र ऐकलाच नाही. ८ सप्टेंबरच्या पहाटे पक्षाचे अध्यक्ष सॉन्डर्स लुइस, व्हॅलेंटाइन आणि डी. जे. विल्यम्स या तिघांनी तिथलं बांधकामाचं सामान पेटवलं आणि स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं की आम्ही केलं. एक विद्यापीठातला लेक्चरर, एक धर्मोपदेशक, एक शाळामास्तर. कार्नार्वनच्या ज्युरीचं एकमत झालं नाही, तर खटला उचलून लंडनला नेला, तिथे नऊ महिने शिक्षा झाली. लुइसची नोकरी तर निकालाआधीच गेली होती. खटला लंडनला नेला ही गोष्ट वेल्श लोकांना आगीपेक्षा जास्त लागली असं इथले जुने लोक सांगतात आणि ते पटतं.

पण खरा घाव त्रवेरिनचा. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, त्यांनी वेल्समधलं त्रवेरिनचं खोरं निवडलं, कॅपल केलिन नावाचं गाव तिथे होतं, बारा घरं आणि शेतं, शाळा, पोस्ट, चॅपल, दफनभूमी. गावात वेल्शशिवाय दुसरी भाषा नव्हती. १९५७ ला ब्रिटिश संसदेत बिल आलं, वेल्सच्या ३६ पैकी ३५ खासदारांनी विरोध केला आणि एकाने मत दिलं नाही. तरीही पास झालं. एकही वेल्श खासदार बाजूने नाही आणि तरी वेल्सचं गाव बुडतं, यापेक्षा स्वराज्याची गरज अजून कशी समजावून सांगायची? १९६५ ला धरणाचं उद्‌घाटन झालं. मी तिथे जाऊन आलोय, काठावर एक छोटं दगडी स्मारक-चॅपल आहे, जुन्या दफनभूमीतले काही दगड तिथे आणून लावलेत, नावं वाचता येतात, एकच आडनाव चार चार दगडांवर. लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली ती २००५ साली.

आणि मग १४ जुलै १९६६, कारमार्दनची पोटनिवडणूक, ग्विन्व्होर एव्हन्स २,४३६ मतांनी जिंकले. पक्षाचा पहिला खासदार, ४१ वर्षांनी.

माझं म्हणणं शेवटी सांगतो. लोक म्हणतात या पक्षाने भाषा वाचवली. शाळा, चॅनेल, कायदा, हे मिळालं खरंच. पण ज्या गावात भाषा चुलीपाशी बोलली जाते तिथे तरुण पोरांना घर परवडत नसेल आणि काम नसेल तर शाळा किती पुरणार? माझ्या मते भाषेची मागणी आणि स्वराज्याची मागणी वेगळी करताच येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

इतिहासवेडा

उत्तम धागा. थोडी पार्श्वभूमी टाकतो. १५३६ च्या कायद्याने आठव्या हेन्रीने वेल्स इंग्लंडला जोडलं आणि कोर्टाची, सरकारी कारभाराची भाषा इंग्रजीच हे लिहूनच टाकलं, वेल्श बोलणाऱ्याला इंग्रजीशिवाय सरकारी पद नाही. भाषा तगली ती मुख्यतः चर्चमुळे, १५८८ ला विल्यम मॉर्गनने बायबल वेल्शमध्ये आणलं, लोक रविवारी तेच वाचायचे, त्यामुळे गरीब माणसालाही वाचता येणारी भाषा राहिली. नंतर १८४७ चा शिक्षण अहवाल आला, इंग्रज निरीक्षकांनी लिहिलं की वेल्श भाषेमुळे लोक मागास आणि अनीतिमान आहेत. त्या काळात शाळेत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे ती वेल्श मास्तरांनीच चालवली, आईबापांनाही वाटायचं पोरगं इंग्रजी शिकलं की सुटलं. १९०१ ला निम्मी जनता वेल्श बोलत होती. २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, ५ लाख ३८ हजार.

बेळगावची_पोर

वाचून अंगावर काटा आला, ३६ पैकी ३५. आम्हाला हे सगळं समजावून सांगायची गरज नाही ओ दादा. आमच्याकडे सात-बारा कन्नडमध्ये, आजोबांना तो वाचायला शेजारच्या पोराला बोलवावं लागायचं, आणि नियम काय सांगतो, ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर तिथे नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायच्या. नियम आहे, कागद येत नाही. मला जास्त उत्सुकता ही आहे की वेल्शमध्ये कागद मिळायला कसा लागला? मोर्चे काढून? कोर्टात जाऊन? की निवडून येऊन?

कार्डिफकर

@बेळगावची_पोर, ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका जोडप्यात आहे. लानगेनेक नावाचं गाव, नवरा खाणीत, ट्रेव्हर आणि आयलीन बीझली. १९५२ ला त्यांनी घरपट्टीची नोटीस वेल्शमध्ये द्या नाहीतर भरणार नाही म्हणून सांगितलं. त्या भागात बहुतेक लोक वेल्श बोलणारे, कौन्सिलचे मेंबर वेल्श बोलणारे, नोटीस मात्र इंग्रजी. आठ वर्षं चाललं हे. पुन्हा पुन्हा कोर्टात खेचलं, जप्तीवाले यायचे आणि घरातलं सामान उचलून न्यायचे, खुर्च्या गेल्या, पियानो गेला, घरात लहान मुलं. १९६० ला दोन भाषांतली नोटीस आली. आयलीनबाई कौन्सिलवर निवडून पण आल्या, प्लाइडच्या तिकिटावर.

मग १३ फेब्रुवारी १९६२ ला सॉन्डर्स लुइसने बीबीसी रेडिओवर भाषण केलं, त्याने बीझली कुटुंबाचंच उदाहरण दिलं आणि म्हणाला की सरकारला वेल्शशिवाय कारभार करणं अशक्य करून सोडा, आणि हे स्वराज्यापेक्षाही आधीचं काम आहे. ते भाषण त्याने पक्षाला उद्देशून केलं होतं. पण पक्षाने ते काम अंगावर घेतलं नाही, कारण निवडणुका लढवायच्या होत्या, दक्षिणेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या मतदारांना घाबरवायचं नव्हतं. म्हणून त्याच वर्षी तरुणांनी वेगळी भाषा संघटना काढली. २ फेब्रुवारी १९६३ ला अबरिस्टविथमध्ये पोस्टाच्या इमारतीवर वेल्श पोस्टर चिकटवली आणि नंतर पुलावर रस्ता अडवून बसले, बहुतेक विद्यार्थीच. नंतर रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या रंगवणं, उपटणं, पोरं जेलमध्ये. कायदे १९६७ आणि १९९३ ला आले ते या दबावावर. म्हणजे तुमच्या प्रश्नाला उत्तर, तिन्ही. पण कागद आधी मिळाला तो पैसे न भरणाऱ्या माणसांना.

झेडपी_मास्तर

आठ वर्षं!! पियानो नेला तरी हलले नाहीत. ही माहिती कधी वाचनात नव्हती, धन्यवाद.

पुणेरी_वाचक

धागा चांगला आहे पण एक बाजू सुटतेय ती मांडतो. सॉन्डर्स लुइस हा माणूस सरळ नव्हता. तो जन्मला इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळ, वेल्श घरात, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात लढला. १९३० च्या दशकात त्याच्या लिखाणात ज्यूंविरुद्ध मजकूर आहे, युरोपातल्या हुकूमशहांबद्दल मऊ सूर आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात पक्षाने तटस्थ राहायची भूमिका घेतली, हिटलरशी लढाई चालू असताना! खाणीतला कामगार, जो युनियनवाला आणि फॅसिझमविरोधी, तो या पक्षाकडे पिढ्यान्‌पिढ्या का फिरकला नाही त्याचं हे एक कारण. भाषेवर प्रेम करणारा प्रत्येक माणूस लोकशाहीवादी असतो असं नाही, आणि राष्ट्रवादी पक्षाच्या बाबतीत मी हे आधी तपासतो.

कार्डिफकर

@पुणेरी_वाचक, बरोबर आहे आणि हे लपवायचं काहीच कारण नाही. लुइसने १९३९ ला अध्यक्षपद सोडलं. पण १९४५ पासून १९८१ पर्यंत ३६ वर्षं अध्यक्ष होते ते ग्विन्व्होर एव्हन्स, आणि हा माणूस कट्टर शांततावादी, युद्धात जायला नकार दिलेला, टोमॅटो पिकवून विकायचा धंदा, चॅपलला जाणारा. पक्षाचा आजचा स्वभाव त्याच्याकडून आलाय. आज प्लाइड डावीकडचा पक्ष आहे, आणि केर्फिलीच्या प्रचारात रिफॉर्मचा सगळा भर निर्वासितांविरुद्ध होता तेव्हा प्लाइडने वेल्स हे आसऱ्याचं राष्ट्र ही भूमिका सोडली नाही. मी बाहेरून आलेला, सावळा, नाव उच्चारता येत नाही असा माणूस आहे, राष्ट्रवादी म्हटल्यावर माझ्या पोटात पण गोळा येतो, पण यांच्या सभेत मला कोणी तू कुठला असं विचारलं नाही, मुलगी कुठल्या शाळेत ते विचारलं.

मृण्मयी

वाचतेय, छान चाललंय. त्या चॅनेलच्या उपोषणाबद्दल कोणी लिहिणार का? मी कुठेतरी ऐकलंय की थॅचरबाईंनी माघार घेतली होती!

इतिहासवेडा

@मृण्मयी, लिहितो, कारण हा भाग माझा सगळ्यात आवडता.

१ मार्च १९७९ ला वेल्सला मर्यादित स्वराज्य द्यायचं का यावर सार्वमत झालं आणि ८० टक्के लोकांनी नाही म्हटलं. चारास एक. प्लाइडच्या लोकांसाठी ते मरणासारखं होतं, दोन महिन्यांत निवडणूक झाली, ग्विन्व्होर हरले, थॅचर आल्या. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या जाहीरनाम्यात वेल्श भाषेचं टीव्ही चॅनेल द्यायचं वचन होतं, पण सप्टेंबरमध्ये गृहमंत्री व्हाइटलॉने ते फिरवलं, वेगळं चॅनेल नाही, आहे त्या चॅनेलवर तास वाढवू. तुम्हीच बघा, नुकतंच ८० टक्के लोकांनी स्वराज्य नाकारलेलं, आता वेल्श लोक काय करणार असं लंडनला वाटलं असणार.

लोकांनी टीव्हीची लायसन्स फी भरणं बंद केलं. प्राध्यापक लोक ट्रान्समीटरवर जाऊन बंद पाडून आले आणि अटक झाले. आणि मे १९८० मध्ये ग्विन्व्होर एव्हन्सने जाहीर केलं की वचन पाळलं नाही तर ६ ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसतो. तोपर्यंत गावोगाव सभा. ६८ वर्षांचा माणूस, कधी आवाज न चढवणारा, त्यामुळे तो खरंच मरेल याबद्दल कोणालाच शंका नव्हती, सरकारलाही. १७ सप्टेंबरला सरकारने माघार घेतली, उपोषण सुरूही झालं नाही. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी हे वेल्श चॅनेल सुरू झालं, आजही चालू आहे.

आपल्याकडे पोट्टी श्रीरामुलू १९५२ ला आंध्रसाठी उपोषणात गेले आणि मग राज्य जाहीर झालं. इथे माणूस वाचला.

झेडपी_मास्तर

इतिहासवेडा, काय लिहिलंय! मी नाशिक जिल्ह्यात शिक्षक आहे, माझा प्रश्न शाळेचा. कार्डिफकर तुमची मुलगी वेल्श शाळेत आहे म्हणता, तुम्हाला स्वतःला वेल्श येते का? अभ्यास कोण घेतं? आमच्याकडे पालक एवढं एकच कारण देतात, आम्हाला इंग्रजी येत नाही तरी मुलाला इंग्रजीत घालायचं, अभ्यास कोण घेणार हे तेव्हा कोणी विचारत नाही. आणि मराठी शाळेचा विषय काढला की मात्र हजार शंका.

कार्डिफकर

@झेडपी_मास्तर, सर, मला जेमतेम येते, क्लास लावलाय. शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी वेल्श नाही. पद्धत अशी आहे की अडीच-तीन वर्षांची असताना बालवाडीत जातात, तिथल्या बाई पहिल्या दिवसापासून फक्त वेल्श बोलतात, इंग्रजीत एक शब्द नाही, हातवारे, गाणी, वस्तू दाखवून. माझी मुलगी तेव्हा मराठीच बोलायची. पहिले काही आठवडे ती गप्प बसायची, मग एक दिवस घरी येऊन बाहुलीला वेल्शमध्ये रागवायला लागली. इंग्रजी वाचायला शिकवतात ते सातव्या वर्षाच्या आसपास आणि मुलं भराभर पकडतात, कारण गल्लीत इंग्रजीच आहे. पालकांना पत्र येतं ते दोन्ही भाषांत, गृहपाठाची सूचनासुद्धा. म्हणजे पालकाची भाषा न येणं हे शाळेने स्वतःचं काम मानलंय, पालकाचा दोष मानला नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो.

आणि जे मूल आठव्या नवव्या वर्षी बाहेरून येतं त्याच्यासाठी उत्तर-पश्चिमेच्या ग्विनेदसारख्या भागात वेगळी केंद्रं आहेत, काही महिने तिथे नुसती भाषा, मग नेहमीच्या वर्गात.

कार्डिफमध्ये वेल्श बोलणारे २०११ ला ११.१ टक्के होते ते २०२१ ला १२.२ झाले, ते या शाळांमुळेच. पण त्याच दहा वर्षांत कारमार्दनशरमध्ये, जो जुना बालेकिल्ला, ४३.९ चे ३९.९ झाले. माझा मूळ मुद्दा हाच आहे. राजधानीत नव्याने शिकणारे वाढतायत आणि जिथे आजी नातवंडाशी बोलते तिथे कमी होतायत. सरकारचं २०५० पर्यंत १० लाख बोलणाऱ्यांचं उद्दिष्ट आहे, यंदा नवा शिक्षण कायदाही आला, पण वर्गात शिकलेलं पोरगं मैदानावर कुठल्या भाषेत ओरडतं ते कायद्याने ठरत नाही.

बेळगावची_पोर

+१ शेवटच्या वाक्याला.

स्टीलवाला

पहिल्यांदाच लिहितोय. मी स्वान्सीला पाच वर्षं होतो, पोर्ट टॅल्बटच्या आसपास कंत्राटी काम. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस बंद झाली. मालक टाटा स्टील, म्हणजे निर्णय कागदोपत्री मुंबईच्या कंपनीचा, आणि पैसे ब्रिटिश सरकारचे, नवी इलेक्ट्रिक भट्टी बांधायला ५० कोटी पौंड सरकार देतंय, पण ती भट्टी यायला वेळ आहे आणि तिला माणसं कमी लागतात. संपूर्ण ब्रिटनमध्ये २,८०० नोकऱ्या जायच्या ठरल्या, त्यातल्या बहुतेक त्या एका गावातल्या. प्लाइडचं म्हणणं होतं की कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा. पण कार्डिफच्या सरकारकडे तेवढे पैसेही नव्हते आणि तेवढा अधिकारही नव्हता, सगळं लंडनमध्ये ठरलं. तिथे माझ्याबरोबर काम करणारे बहुतेक जण वेल्श न बोलणारे, घरात तीन पिढ्या लेबर. त्यातले काही आता प्लाइडचं नाव घेतात आणि त्यांच्या तोंडी भाषेचा भ पण नसतो, ते म्हणतात आमचं आम्हाला ठरवू द्या. काही जण रिफॉर्मकडे पण गेले, तेही सांगितलं पाहिजे.

पुणेरी_वाचक

@स्टीलवाला, हे फार महत्त्वाचं. म्हणजे केर्फिलीचा विजय भाषेचा नाही, लेबरवरच्या रागाचा आहे? रिफॉर्मला अडवायला लेबरच्या मतदारांनी प्लाइडला मत दिलं असंच दिसतंय. मग मे महिन्यात हीच मतं टिकतील कशावरून? १९९९ ला पहिल्या निवडणुकीत प्लाइडला ६० पैकी १७ जागा मिळाल्या होत्या, ऱ्हॉन्डा, इस्लविनसारख्या खाणपट्ट्यातल्या पण, आणि पुढच्या वेळी त्या गेल्या.

कार्डिफकर

@पुणेरी_वाचक, खूपशी मतं रिफॉर्म नको म्हणून आलीत, मान्य. मतदान ५० टक्क्यांच्या वर गेलं, सेनेदच्या निवडणुकीला एवढं होत नाही, लोक ठरवून बाहेर पडले. पण ती लेबरकडेच का नाही राहिली? कारण लंडनमध्ये लेबर, कार्डिफमध्ये लेबर आणि तरी वेल्सच्या साध्या मागण्यांना उत्तर नाही. दोन उदाहरणं देतो. एचएस-टू ही रेल्वे लंडन ते बर्मिंगहॅम, वेल्समध्ये एक फूटही रूळ नाही, पण कागदावर तो इंग्लंड आणि वेल्सचा प्रकल्प ठरवला, त्यामुळे स्कॉटलंडला आणि उत्तर आयर्लंडला त्याच्या हिशोबाने वाटा मिळाला, वेल्सला नाही. दुसरं क्राउन इस्टेट. समुद्रतळ राजघराण्याच्या नावे, पवनचक्क्यांना भाड्याने देतात, स्कॉटलंडमध्ये ते उत्पन्न तिथल्या सरकारकडे जातं, वेल्समधलं लंडनला जातं. पोलीस आणि न्यायव्यवस्थासुद्धा स्कॉटलंडकडे आहे, वेल्सकडे नाही. हे खाणपट्ट्यातल्या माणसाला कळतं, त्याला वेल्श यायची गरज नाही.

आणि जो निवडून आला तो लिंडसे व्हिटल, याच भागातला, बऱ्याच वेळा पडलेला, वर्षानुवर्षं कौन्सिलमध्ये गटारं-रस्ते बघणारा माणूस. लोक त्याला नावाने ओळखतात.

मृण्मयी

मग स्वतंत्र देश हवाय का यांना की फक्त जास्त अधिकार? हे नीट कळत नाहीये.

इतिहासवेडा

@मृण्मयी, अंतिम ध्येय स्वातंत्र्य, पण आत्ताचे नेते रीन अप योर्वर्थ यांनी सांगितलंय की सत्ता आली तरी पहिल्या टर्ममध्ये सार्वमत घेणार नाही. ते टप्प्याटप्प्याने जाणारे आहेत आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. १९७९ ला चारास एक असा नकार. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा सार्वमत, रात्रभर मोजणी, शेवटचा कारमार्दनशर उरलेला आणि तोवर नाही पुढे होतं, त्या एका काउंटीने पारडं फिरवलं, ६,७२१ मतांनी हो जिंकलं, ५०.३ टक्के. म्हणजे ग्विन्व्होरच्या कारमार्दननेच विधिमंडळ दिलं म्हणा. २०११ ला कायदे करायचे पूर्ण अधिकार द्यायचे का विचारलं तेव्हा ६३.५ टक्के हो. आणि २०११ चा भाषेचा कायदा, ज्याने वेल्शला अधिकृत दर्जा आणि भाषा आयुक्त दिला, तो आला प्लाइड लेबरबरोबर सत्तेत होता तेव्हा.

गारो_ते_गोदा

थोडं विषयांतर, पण भारताशी नातं आहे म्हणून. मी शिलाँगला नोकरीला होतो. खासी भाषा रोमन लिपीत लिहितात ती वेल्श मिशनऱ्यांमुळे, टॉमस जोन्स १८४१ ला चेरापुंजीला आला, त्याने खासी शब्द वेल्श वळणाने लिहिले आणि ते स्पेलिंग बऱ्यापैकी तसंच आहे. खासी लोकांचं जे गीत आहे त्याची चालही वेल्सच्या राष्ट्रगीताची. स्वतःच्या देशात ज्यांच्या भाषेला कोर्टात जागा नव्हती त्यांनी इतक्या लांब येऊन एका भाषेला लिपी दिली. स्वान्सीचा एक पाहुणा शिलाँगला आला होता, शाळेतल्या पोरांनी ते गीत म्हटल्यावर तो उभाच राहिला, त्याला बोलता येईना.

बेळगावची_पोर

विषयांतर चालेल, फार छान माहिती.

कार्डिफकर दादा, तुम्ही सुरुवातीला घरांचं म्हणालात ते अर्धवट राहिलं. भाषेच्या गावात घर परवडत नाही म्हणजे नक्की काय होतं?

कार्डिफकर

@बेळगावची_पोर, बरं झालं आठवण केलीत. ग्विनेद, म्हणजे उत्तर-पश्चिम, तिथे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात, आज सगळ्यात जास्त. डोंगर आणि समुद्र दोन्ही आहे म्हणून इंग्लंडमधले पैसेवाले तिथे सुट्टीसाठी दुसरं घर घेतात. समुद्रकाठच्या काही गावांत अशी घरं इतकी आहेत की हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीत दिवे मोजून दिसतात, दुकान उन्हाळ्यापुरतं, शाळेत पट कमी म्हणून बंद करायची चर्चा. तिथल्या शेतकऱ्याच्या, नर्सच्या, मेकॅनिकच्या पोरांना त्याच गावात घर घेता येत नाही, ती कार्डिफला नाहीतर लिव्हरपूलला जातात. ज्या लीन द्वीपकल्पावर १९३६ ला आग लावली तिथलीच ही गोष्ट, गाव आता पाण्याने जात नाही, विक्रीच्या पाटीने जातं.

ग्विनेद कौन्सिल प्लाइडकडे आहे. त्यांनी दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) वाढवत वाढवत १५० टक्के जादा केला, म्हणजे गावकरी १०० भरतो तर सुट्टीवाला २५०. तो पैसा स्थानिकांच्या घरांसाठी वापरायचं धोरण आहे. सप्टेंबर २०२४ पासून राहतं घर सुट्टीचं करायचं असेल तर परवानगी घ्यावी लागेल असा नियम आणला, तो कोर्टात गेला. आणि हा अधिकार कौन्सिलला मिळाला कुठून? तर सेनेदने कायदा केला म्हणून, २०२३ पासून कौन्सिलला ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. लंडनच्या संसदेने ग्विनेदच्या गल्लीसाठी हा कायदा कधी केला असता?

स्टीलवाला

यावर थोडा वेगळा अनुभव. ज्यांच्या घरात आजीपासून वेल्श आहे त्या मित्राचंच बघा, त्याच्या आईचं घर विकायची वेळ आली, सगळ्यात जास्त किंमत मँचेस्टरचं गिऱ्हाईक देत होतं. दुसऱ्या घराच्या करामुळे किमती पडल्या तर नुकसान गावकऱ्याचंच, ही तक्रार खरी आहे, मोठा गट आहे असं म्हणणारा. त्याने शेवटी गावातल्याच जोडप्याला कमी किमतीत विकलं, पण प्रत्येकाला तसं जमणार नाही.

कार्डिफकर

@स्टीलवाला, हो, ही तक्रार सभांमध्ये पण येते आणि कौन्सिलरना तिला तोंड द्यावं लागतं. माझ्या मते उपाय कराबरोबर घरं बांधण्यात आणि ती भाड्याने स्थानिकांना देण्यात आहे, नुसता कर लावून बसलं तर शेतकऱ्याची म्हातारपणीची पुंजी कमी होते आणि पोराला घर मिळत नाही ते नाहीच.

मतदानाचं म्हणाल तर मे महिन्यात पद्धत पण बदलतेय. आता १६ मतदारसंघ, प्रत्येकातून सहा जण, पक्षाच्या यादीला मत, मतांच्या प्रमाणात जागा. त्यामुळे एकट्याच्या हातात बहुमत जाणं अवघड, कोणाबरोबर तरी बसावंच लागेल. वेल्समधल्या मराठी मंडळींनी यादीत नाव घातलं नसेल तर घाला, कौन्सिलच्या साइटवर दहा मिनिटांचं काम आहे, भारतीय पासपोर्ट चालतो. मी यावेळी प्लाइडला देणार आहे, घरांच्या धोरणासाठी आणि शाळेसाठी. पुढच्या आठवड्यात आमच्या भागातल्या उमेदवारांची सभा आहे, कारमार्दनशरमधल्या गळतीचं काय करणार हे विचारतो आणि काय उत्तर मिळालं ते इथेच टाकतो.